पाण्याला कान लावणारे चुलतसासरे

तुमचं पत्र पोचलं. त्यात तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत आणि तिसरी न विचारता नुसती कळवली आहे. पहिली, तुमची आई विहिरीवर गेली की पोहरा सोडण्याआधी काठावर गोल दगडाने तीनदा ठोकते आणि कान लावून बसते, ते कशासाठी. दुसरी, तो दगड कुणाचा. आणि तिसरी, पत्राच्या अगदी शेवटी, कोपऱ्यात, बारीक अक्षरात: धाकटा बाळू आता फार पळतो, म्हणून त्याला माजघरातल्या खांबाला बांधून ठेवतात.

तुमच्या आजोबांनी मला इंग्रजी शिकवलं ते केस पिकायला लागल्यावर. त्यातलं व्याकरण अर्धं विसरले, पण प्रश्न आले त्याच क्रमाने उत्तरं द्यायची सवय राहिली. आज ती मोडते, कारण ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे तो कुठल्याच क्रमात बसत नसे. बाळूच्या दोरीकडे मी शेवटी येणार आहे. विसरले असं समजू नका.

हे गृहस्थ माझे चुलतसासरे, माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. तेव्हा पेशवाई होती. कंपनी सरकारचं निशाण शनिवारवाड्यावर चढायला चार-पाच वर्षांचा अवकाश होता. आमचं घर कसब्यात. सासरे वारलेले, चुलतसासूबाईही वारलेल्या, आणि हे ओसरीवरच्या खोलीत एकटे राहत. काम नळावर. नळ म्हणजे हातभर नळी समजू नका. कात्रजच्या तलावापासून शहरातल्या हौदांपर्यंत जमिनीखालून बांधत आणलेला दगडी बोगदा तो, माणूस वाकून चालेल एवढा. त्यात हवा कोंडू नये आणि माणसाला आत उतरता यावं म्हणून वाटेवर ठिकठिकाणी दगडी चौथरे बांधून वर तोंडं ठेवली होती. त्यांना उसासे म्हणत. प्रत्येक उसाशावर कडी बसवलेलं झाकण. ही सगळी वाट चालत तपासायची, हे यांचं काम.

सकाळी स्नानाच्याही आधी ते हौदावर जात. ओंजळभर पाणी तोंडात घेत, जिभेवर फिरवत आणि गिळून सांगत, "धनकवडीच्या अलीकडे कुणीतरी म्हशी घातल्यात." लोक हसत. मग ते काठी घेऊन निघत आणि दुपारी खरोखरच एखाद्या गवळ्याशी भांडून परत येत.

रस्त्यात कुणी विचारलं, "कुठे निघालात?" की उत्तर ठरलेलं, "पाणी आलं तिकडे. तुम्ही बसा. तुम्हाला बसायची सवय आहे." शेजारच्या एका शास्त्र्यांनी एकदा तक्रार केली की हौदाला पाणी कमी झालं. हे म्हणाले, "पाणी तेवढंच आहे, शास्त्रीबुवा. आपल्या घागरी वाढल्या."

कनवटीला ते कायम काहीतरी जड बाळगत. सगळ्या गल्लीला वाटे, मोहर असणार. तो नदीतला गुळगुळीत गोल दगड होता. उसाशापाशी आले की पायातल्या वहाणा काढायच्या, त्या दगडाने झाकणावर तीनदा ठोकायचं आणि कान टेकवून बसायचं. खाली पाणी भरून वाहतंय, गाळ अडलाय की मूळ शिरलंय, हे त्यांना त्या आवाजावरून कळे. एकदा मीही आमच्या हौदाच्या काठाला कान लावून पाहिला. मला फक्त माझी बांगडी वाजलेली ऐकू आली.

आता आमच्या घरातली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला समजायचं नाही. सुनेने चुलतसासऱ्यांशी बोलायचं नाही. पदर कपाळावर, नजर जमिनीवर, आणि अगदीच काही सांगायचं झालं तर मधल्या माणसाकरवी. आमच्या घरातलं मधलं माणूस दोन वर्षांचं होतं. तुमची आई, ठकू.

मी पंक्तीत वाढायला आले की म्हणे, "ठकू, आजोबांना विचार, भात वाढू का?"

चुलतसासरे चार हातांवर बसलेले. ते म्हणत, "ठकू, तुझ्या आईला सांग, असेल तर वाढ. विचारून पोट भरत नाही."

ठकू दोघांकडे बघून म्हणे, "भात." आणि निरोप पोचला असं सगळे समजत. अशा रीतीने आम्ही वर्षभर बोललो. मला त्या माणसाचा स्वभाव कळला, त्यांना माझा कळला, आणि एकमेकांशी एक अक्षरही बोललो नव्हतो.

आणि ठकू बांधलेली असे. माझ्या जुन्या लुगड्याचे काठ वळून सासूबाईंनी मऊ दोरी केली होती. एक टोक ठकूच्या कमरेला, दुसरं ओसरीच्या खांबाला. सासूबाईंना दुष्ट समजू नका. ठकूच्या आधी मला एक मुलगा होता. सव्वा वर्षाचा असताना तो परसातल्या विहिरीत गेला. सासूबाई तिथेच होत्या, तुळशीला पाणी घालायला पाठमोऱ्या झाल्या होत्या, तेवढ्यात. त्या दिवसापासून त्यांना शांत झोप लागली असेल असं मला वाटत नाही. ठकू चालायला लागली त्याच दिवशी त्यांनी दोरी वळायला घेतली. मी तोंडातून शब्द काढला नाही. कोणत्या तोंडाने काढणार?

ठकू मात्र दोरीत राहणारी नव्हती. दोरी पुरेल तिथपर्यंत जायची आणि ताण बसला की मागे वळून दोरीकडे असं बघायची, जणू कुणीतरी उद्धटपणे मधे बोललं आहे. चुलतसासरे येता जाता म्हणत, "ठकू, तुझ्या आजीला सांग, दोरी गुरांना असते."

सासूबाई त्यांच्या थोरल्या भावजय, त्या सरळ बोलू शकत. "भावजी, गुरं तुमच्यासारखी गावभर हिंडत नाहीत, म्हणून त्यांना बुद्धी आहे."

"वहिनी, पाण्याला भ्यायला शिकवलंत तर पोर पाठमोरं पळेल आणि पाण्यातच पडेल. पाण्याची ओळख करून द्या."

"ओळख झाली आहे आमच्या घराची," सासूबाई म्हणाल्या. त्यावर ते काठी उचलून नळावर निघून गेले. शेवटचा शब्द दुसऱ्याचा राहिलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

तुमच्या वडिलांच्या कचेरीला आता रविवारची सुट्टी असते आणि तुम्ही सगळे फिरायला जाता. आमच्या वेळी असा सुट्टीचा वार नव्हता. पण कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवायची चाल होती, आणि त्या वर्षी चुलतसासऱ्यांनी सुचवलं की पावसाळ्यानंतरच्या तपासणीला कात्रजला जायचंच आहे, तर सगळ्यांनी गाडीतून यावं, तलावाकाठी आवळीखाली जेवावं, रात्री तिथल्या देवळात राहावं आणि दुसऱ्या दिवशी परत फिरावं. सासूबाईंना आवळीभोजनाचं पुण्य हवं होतं. तुमच्या आजोबांना दफ्तरातून दोन दिवस सुटका हवी होती. मला काय हवं होतं ते कुणी विचारलं नाही, पण मी आदल्या रात्रीच दशम्या भाजून ठेवल्या होत्या.

पहिल्या दिवशी ठकू दोरीने गाडीला बांधलेली होती. तिने उसाचं कांडं बैलाच्या शेपटीला लावून पाहिलं, आजीच्या पिशवीतल्या सुपाऱ्या एकेक करून रस्त्यावर टाकल्या आणि तलाव दिसल्यावर आडवी होऊन अशी किंचाळली की देवळातला पुजारी बाहेर आला. "वाघ दिसला की काय?" त्याने विचारलं.

"नाही," चुलतसासरे म्हणाले, "वाघीण आहे. बांधली आहे."

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर ते गाडीच्या बाजूने, नळाच्या अंगाने चालत होते. थोडं पुढे जाऊन थांबले आणि गाडीकडे न बघता म्हणाले, "ठकू, तुझ्या आईला सांग, माझ्याबरोबर एक मदतनीस असती तर बरं झालं असतं."

सासूबाई गाडीत डुलक्या घेत होत्या. मी ठकूच्या कमरेची गाठ सोडली, दोरी गुंडाळून कमरेला खोचली आणि तिला खाली सोडलं.

त्या सकाळी तुमच्या आईने किती उसासे पाहिले ते मी मोजले नाहीत. प्रत्येक ठिकाणी दोघं तेच करत. ते वहाणा काढत, ती पायातले वाळे काढायला बघे. ते ठोकत, मग दगड तिच्या हातात देत, ती दोन्ही हातांनी ठोके. मग दोघं आडवे होऊन झाकणाला कान लावत. ते विचारत, "काय म्हणतंय?" ती म्हणे, "पाणी." ते म्हणत, "बरोबर. पुढे चल." मी गाडीतून बघत होते, आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच पाणी हा शब्द ऐकून मी तोंड फिरवलं नाही.

धनकवडीजवळ जेवायला थांबलो. तुमच्या आजोबांनी बैल सोडले आणि त्यांना पाजायला ओढ्यावर नेले. सासूबाई झाडाखाली पानं मांडत होत्या. त्यांना वाटलं ठकू माझ्याजवळ आहे. जवळच एक ठेंगणा उसासा होता, गुडघ्याएवढा. चुलतसासऱ्यांनी त्याचं झाकण सरकवून आत पाहिलं. तेवढ्यात पलीकडे कुणाच्या तरी म्हशी नळाच्या चौथऱ्यावर चढलेल्या दिसल्या. ते काठी घेऊन धावले. दगड ठकूच्या हातात होता. मी दशम्यांचं फडकं सोडलं, लोणच्याची बरणी काढली आणि वर पाहिलं. ठकू नव्हती.

उसाशावरचं झाकण अर्धं उघडं होतं.

मी तिथे कशी पोचले ते आठवत नाही. आत काळं पाणी वाहत होतं, त्याचा गार वास आला. इतक्यात ते म्हशी हाकलून आले. त्यांनी झाकण पाहिलं. माझ्या कमरेला खोचलेली दोरी पाहिली. आणि सवयीने म्हणाले, "ठकू, तुझ्या आईला..."

तिथे थांबले. मधे कुणी नव्हतं.

त्या क्षणी माझा पदर खांद्यावर होता आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते. मी म्हणाले, "दोरी मी सोडली. झाकण तुम्ही उघडं टाकलंत."

"हो," ते म्हणाले. दुसरं काही नाही. म्हशींचं नाव काढलं नाही, मुलगी तुझी होती असंही म्हणाले नाहीत. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही झाकण उघडं टाकलं नव्हतं, तेही सांगितलं नाही. धोतर खोचलं आणि आत उतरले. पाणी त्यांच्या कमरेला लागलं. वाकण्याआधी म्हणाले, "पाणी गावाकडे जातं. पुढचा उसासा त्या बाभळीमागे. मी आतून जातो, तू वरून पळ."

मी पळाले. नऊवारीत, अनवाणी, भर दुपारी, सासूबाई मागून हाक मारत असताना. पायाखाली कुठेतरी तो म्हातारा अंधारात पाणी चाचपत चालला आहे, हे मला ठाऊक होतं. त्याच्या हाताला काय लागेल याचा विचार मी करत नव्हते. माझ्या मुलाला विहिरीतून काढलं तेव्हा त्याच्या मुठीत तुळशीचं पान होतं. तेवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

बाभळीच्या अलीकडेच आवाज आला. टक. टक. टक.

ठकू पुढच्या उसाशावर पालथी पडली होती. झाकण बंद होतं. दोन्ही हातांत दगड, गाल दगडी झाकणाला टेकलेला. एक उसासा झाला की पुढे चालायचं, हे तिला सकाळपासून शिकवलंच होतं. ती काम करत होती.

मी तिच्या शेजारी बसले, तिचा पाय घट्ट धरला, आणि खालून, दगडाच्या आतून, आवाज आला. दबलेला, घोगरा.

"ठकूची आई. वरून कोण ठोकतंय?"

"आजोबा आत," ठकू मला म्हणाली.

मी झाकणाच्या फटीला तोंड लावलं. "मामंजी, ठकू ठोकते आहे."

ते खालून म्हणाले, "तिला म्हणावं, आणखी एकदा ठोक."

मी सांगितलं. तिने ठोकलं.

"बरं," ते म्हणाले. "हे झाकण तुला एकटीला सरकायचं नाही. मी आलो तसा परत जातो. पाणी उलटं आहे, वेळ लागेल. तिला ठोकू दे."

ते परत उघड्या तोंडाशी पोचेपर्यंत आम्ही दोघी ठोकत बसलो. वर आले तेव्हा पागोटं वाहून गेलं होतं आणि कोपर सोलवटलं होतं. त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर झाकण सरकवून बंद केलं. मग त्यावर बसले आणि त्यांना उठता येईना.

तोवर सासूबाई आणि तुमचे आजोबा धावत आले होते. काय झालं ते कळल्यावर सासूबाईंनी ठकूला उचललं, छातीशी धरलं, आणि रडू आवरल्यावर म्हणाल्या, "छान. नात नळावर चढते, सून चुलतसासऱ्यांना तोंड वर करून बोलते. पुण्य पदरात पडलं. दे ती दोरी इकडे."

"देणार नाही," मी म्हणाले.

"तुला बाळ आठवत नाही?"

"रोज आठवतो. सासूबाई, तो उघड्या विहिरीत गेला. ती विहीर आजही तशीच उघडी आहे. झाकण करायचं सोडून आपण दोरी वळली. आज मी ती सोडली हे खरं. पण ठकू उद्या बांधलेली असली तरी परवा गाठ सोडायला शिकेल, आणि तेव्हा विहीर तिथेच असेल. आता मी हिला बांधू देणार नाही. माहेरी पाठवायचं असेल तर पाठवा, हिला घेऊन जाईन."

तुमच्या आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ओसरीवरचा खांब बोलला. कुणी काही बोलायच्या आत झाकणावर बसलेल्या माणसाने हात पुढे केला.

"दोरी मला दे."

मी दिली. त्यांनी एक टोक झाकणाच्या कडीत ओवून बांधलं. दुसरं आपल्या कमरेला गुंडाळून गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली.

"वहिनी," ते म्हणाले, "चूक जिने केली नाही तिला बांधून काय उपयोग? झाकण उघडणारा मी. आता झाकण मिटून गाठ सोडल्याशिवाय मला हलताच येणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतार आणला आणि आमच्या विहिरीवर सागवानी फळ्यांचं झाकण बसवून घेतलं. पाणी काढून झालं की सासूबाई ते स्वतः मिटत, आणि मिटल्यावर हाताने दाबून पाहत. ठकूबद्दल त्या मला पुन्हा काही बोलल्या नाहीत. त्यांना थोडी झोप लागायला लागली असावी, कारण दुपारी घोरण्याचा आवाज येऊ लागला.

चुलतसासऱ्यांनी ती दोरी मरेपर्यंत वापरली. उसाशापाशी आले की आधी वहाणा, मग कडीला दोरी, मग झाकण. बघणाऱ्यांना मोठी गंमत वाटे. शास्त्रीबुवा म्हणाले, "काय हो, बांधून घातलंय की काय घरच्यांनी?"

"हो," ते म्हणाले. "दोन वर्षांच्या मुलीच्या जागी बसलो आहे. काम सोपं नाही."

पुढे कंपनी सरकार आलं. एक गोरा साहेब नळ बघायला आला आणि दुभाष्याकरवी नकाशा मागू लागला. यांनी त्याला कसब्यापासून कात्रजपर्यंत चालवत नेला आणि प्रत्येक झाकणाला कान लावायला लावला. साहेब परत आला तो टोपी हातात घेऊन, लालबुंद. दुभाष्याने विचारलं, साहेब विचारतात, कमरेची दोरी कशासाठी? हे म्हणाले, "त्यांना सांग, ही आमच्या घरची रीत आहे."

आणि मी त्यांच्याशी बोलत राहिले. समोर उभी राहून, मधे कुणाला न घेता. "मामंजी, भात वाढू का?" "असेल तर वाढ." गल्लीत त्याची चर्चा झाली, माझ्या माहेरापर्यंत गेली. मी त्याचं काही वाटून घेतलं नाही. ज्या बाईने आपल्या मुलीबद्दल दगडाच्या फटीतून बोलणं केलं आहे, तिला ताटावर बोलायची लाज कसली?

जाण्याच्या आदल्या वर्षी त्यांनी दगड ठकूला दिला. ती तेव्हा लग्न होऊन सासरी निघाली होती. काही सांगितलं नाही, नुसता तिच्या मुठीत ठेवला. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर झालं.

आता बाळू. तुमच्या घरच्या मोठ्यांना माझा नमस्कार सांगा, आणि हे पत्र मोठ्याने वाचा. मग परसात जाऊन बघा, तुमच्या विहिरीला झाकण आहे का. नसेल, तर बाळूची दोरी आज सोडा, सुताराला बोलवा, आणि झाकण बसेपर्यंत घरातल्या एका मोठ्या माणसाने विहिरीपाशी बसून राहावं. झाकण असेल आणि ते मिटायला कुणी विसरत असेल, तर दोरी वाया जाऊ देऊ नका. एक टोक कडीला बांधा, दुसरं विसरणाऱ्याच्या कमरेला. तो कोण आहे ते मला कळवू नका. बाळूला मात्र दगड द्या.